भाच्याच्या व्हिसा अर्जातली ती एक ओळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा पुढच्या शिक्षणासाठी कॅनडाला निघालाय. व्हिसाचा अर्ज भरताना एक ओळ नजरेला पडली: तुमची माहिती इतर देशांच्या सरकारांना दिली जाऊ शकते. त्यावरून घरात दोन तट पडलेत. मुलाच्या वडिलांचं म्हणणं, आपण काही वावगं केलेलं नाही तर घाबरायचं कशाला. मामांना मात्र झोप लागेना, म्हणून त्यांनी विचारलंय की नेमकी कोणती माहिती जाते, कोण कोणाला देतं, आणि चुकीची गेली तर दाद कुठे मागायची.

मी वकील नाही. तेवीस वर्षं विमान कंपन्यांच्या आरक्षण आणि चेक-इनच्या विभागांत काढली. त्यातली शेवटची नऊ वर्षं, सरकारांना प्रवाशांची माहिती ज्या टेबलावरून जाते त्या टेबलावर होतो. तेव्हा मामा, आधी रोखठोक सांगतो. सही करायला सांगा. नाही केली तर अर्ज पुढे सरकणार नाही, म्हणजे निवड अशी काही तुमच्या हातात नाहीच. त्या ओळीला लोक संमती समजतात. ती फक्त पोच आहे, आम्ही तुम्हाला सांगितलं होतं याची. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांना बऱ्यापैकी ठरलेली उत्तरं आहेत. झोप उडावी असा तिसरा आहे.

पीएनआर, म्हणजे प्रवाशाच्या आरक्षणाची नोंद, म्हटलं की आपल्याला रेल्वेचं वेटिंग आठवतं. रेल्वेचा तो दहा आकडी असतो, विमानाचा सहा अक्षरांचा. पण विमानाच्या त्या सहा अक्षरांमागे केवढं काय साठलेलं असतं याची प्रवाशाला कल्पना नसते. सरकारांकडे दोन वेगळे गठ्ठे जातात. एक म्हणजे एपीआय (प्रवाशाची आगाऊ माहिती), पासपोर्टच्या पानाच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात ना, त्यातला मजकूर: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, नागरिकत्व. हा यंत्राने वाचलेला, सरकारनेच दिलेल्या कागदावरचा. दुसरा गठ्ठा पीएनआरचा, आणि त्यात जे असतं ते कोणीतरी हाताने टाइप केलेलं असतं. कधी प्रवाशाने स्वतः, कधी त्याच्या जावयाने, बहुतेकदा एजंटच्या ऑफिसातल्या एखाद्या दमलेल्या पोराने. ते खरं आहे का हे कोणीही तपासलेलं नसतं. या दोन गठ्ठ्यांची विश्वासार्हता एकसारखी नाही, हे लक्षात ठेवा.

पीएनआरमध्ये तिकीट कधी काढलं, पैसे कोणाच्या कार्डाने भरले, सोबत कोण आहे, सीट कुठली, बॅगा किती, आधी कोणती तारीख होती आणि मग कितीदा बदलली, हे सगळं असतं. जेवणाचे चार अक्षरी कोड असतात. हिंदू जेवणाचा वेगळा, मुस्लिम जेवणाचा वेगळा, जैन, ज्यू, मधुमेही, प्रत्येकाचा वेगळा. व्हीलचेअरचेही प्रकार आहेत, जिना चढता येतो की नाही इथपर्यंत. धर्म आणि दुखणं थेट विचारायची गरजच काय! शिवाय शेवटी शेऱ्यांची मोकळी जागा असते. 'पॅक्सने (म्हणजे प्रवाशाने) काउंटरवर आरडाओरडा केला' असले शेरे मी स्वतः वाचलेत. चिडलेल्या माणसाने चिडलेल्या क्षणी लिहिलेलं ते वाक्य विमान उतरलं तरी पुसलं जात नाही.

आता फोन नंबरची गंमत सांगतो, कारण आपल्याकडे हा प्रकार फार आहे. एजंट बुकिंग करताना प्रवाशाच्या जागी स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल घालतो. वेळ बदलली तर मेसेज आपल्याला यावा, गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये, हा त्याचा साधा हिशेब. पण पलीकडच्या देशात बसलेलं यंत्र नंबर जुळवत असतं. त्याला दिसतं की एकाच नंबरशी जोडलेली चारशे माणसं वर्षभरात आखातात आणि युरोपात फिरली. त्यातला एक जण पुढे कशात सापडला, तर बाकीचे तीनशे नव्व्याण्णव त्याच्या जाळ्यात दिसतात. यंत्राला काय ठाऊक, तो नंबर मुंब्र्याच्या नाहीतर सावंतवाडीच्या एका दुकानाचा आहे म्हणून.

हे सगळं सुरू झालं अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर. नोव्हेंबर २००१ मध्ये तिथे हवाई सुरक्षेचा नवा कायदा झाला आणि परदेशी विमान कंपन्यांनाही पीएनआर दाखवणं सक्तीचं झालं. त्यात सुरुवातीची पद्धत अशी की कंपनीने माहिती पाठवायची नाही. अमेरिकी अधिकारी थेट कंपनीच्या आरक्षण यंत्रणेत शिरून हवं ते बघणार. आमच्या धंद्यात याला 'पुल', म्हणजे ओढून घेणं, म्हणत. म्हणजे शेजाऱ्याने वाटी मागण्याऐवजी आपल्या स्वयंपाकघराची किल्लीच मागावी तसं. युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या कंपन्यांनी ५ मार्च २००३ पासून ही दारं उघडली. त्यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी होती. माहिती नाही दिली तर अमेरिकेचा दंड आणि उतरण्याची परवानगी धोक्यात. दिली तर युरोपचा १९९५ सालचा माहितीसंरक्षणाचा कायदा मोडला. पुढे 'पुश' आलं, म्हणजे कंपनी ठरावीक रकाने ठरावीक वेळी पाठवते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही एकच सुधारणा निखळ म्हणावी अशी.

युरोप आणि अमेरिका यांच्यातला पहिला करार २००४ च्या मे महिन्यात झाला. त्यात ३४ रकाने आणि साडेतीन वर्षं जपणूक. युरोपीय संसद न्यायालयात गेली आणि ३० मे २००६ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने, करारामागचे निर्णय रद्द केले. लोकांना वाटलं खासगीपणा जिंकला. प्रत्यक्षात न्यायालयाने त्या प्रश्नाला हातच लावला नव्हता. सुरक्षेच्या विषयासाठी व्यापारी बाजाराचा कायदेशीर आधार घेतला होता, तो चुकीचा, एवढंच म्हटलं होतं. मग २००७ चा करार आला. रकाने ३४ चे १९ झाले! टाळ्या पडल्या. पण आम्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळलं की दोन-तीन जुने रकाने एका नव्या नावाखाली घातलेत. बरण्यांवरची लेबलं कमी झाली, लोणचं तेवढंच. आणि जपणूक साडेतीन वर्षांवरून पंधरावर गेली, सात वर्षं चालू आणि आठ 'निद्रिस्त'. २०१२ च्या करारात सहा महिन्यांनी नाव झाकायचं वगैरे अटी वाढल्या, पण दहशतवादाच्या कारणापुरती पंधरा वर्षं तशीच राहिली.

इथे कोणी म्हणेल, हा माणूस नुसता विरोधातच बोलतोय. तसं नाही. मी मुंबईकर आहे, आणि २६/११ च्या हल्ल्याआधी शहराची टेहळणी केलेला डेव्हिड हेडली मी विसरू शकत नाही. मूळचा दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्याने अमेरिकेत रीतसर नाव बदललं, नव्या नावाचा पासपोर्ट घेतला, आणि सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ या काळात पाच वेळा भारतात येऊन जागा पाहून गेला, चित्रीकरण केलं. त्याच्या बायकांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याच्याबद्दल आधीच सांगितलं होतं, हे २०१० मध्ये बाहेर आलं. म्हणजे अमेरिकेच्या हातात धागे होते, आणि ज्या शहराला त्यांची गरज होती तिथे ते वेळेवर पोहोचलेच नाहीत. उलट २००९ मध्ये त्याला पकडताना पीएनआर कामाला आला. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने २०११ मध्ये त्यांच्या संसदेपुढे सांगितलं की आमच्या हाती फक्त पहिलं नाव, प्रवासाचा अर्धवट मार्ग आणि अंदाजे काळ होता. त्यावरून आम्ही माणूस शोधला. हे खोटं मानायचं मला कारण दिसत नाही. अशा शोधासाठी पीएनआरसारखं दुसरं साधन नाही, आणि 'माहिती कोणालाच देऊ नका' म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही.

पण मामा, तुमचा तिसरा प्रश्न. त्यासाठी मी नवीन लागलेल्या मुलांना नेहमी एकच प्रकरण सांगायचो, आणि ते नेमकं कॅनडाचंच आहे.

माहेर अरार. जन्म सीरियातला, नागरिकत्व कॅनडाचं, व्यवसायाने इंजिनिअर. ऑक्टोबर २००१ मध्ये ओटावातल्या एका कॅफेत तो एका ओळखीच्या माणसाला भेटला. त्या माणसावर कॅनडाच्या पोलिसांची, म्हणजे आरसीएमपीची, पाळत होती. दोघं पावसात चालत बोलले, एवढ्यावरून अरारचं नाव फायलीत आलं. पोलिसांनी आणखी खणलं तेव्हा अरारच्या जुन्या घरभाडे कराराचा कागद सापडला, त्यावर त्या ओळखीच्या माणसाची सही होती. आपल्याकडे भाडेकरारावर साक्षीदार म्हणून कोण सही करतं? ज्याला त्या दिवशी वेळ असेल तो. पण फायलीत तो कागद 'संबंध' म्हणून बसला. पुढे पोलिसांनी अमेरिकेला कळवताना अरार आणि त्याची बायको यांचं वर्णन केलं, अल कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेले इस्लामी कट्टरपंथी. याला कसलाही पुरावा नव्हता. आणि एप्रिल २००२ मध्ये तपासाचा अख्खा डेटाबेस तीन सीडींवर भरून अमेरिकी यंत्रणांना देऊन टाकला.

आमच्यासारख्यांचे कान टवकारतात ते पुढच्या तपशिलापाशी. आरसीएमपीचा स्वतःचाच नियम होता की दुसऱ्या देशाला माहिती देताना सोबत अट जोडायची: ही माहिती आमची आहे, आमच्या परवानगीशिवाय हिच्यावर कारवाई करू नका, पुढे कोणाला देऊ नका. त्या सीडींना ती चिठ्ठी जोडलेलीच नव्हती. कुणाला वाटेल एवढ्याशा चिठ्ठीने काय झालं असतं. पण ती नसली की माहिती घेणाऱ्याच्या हातात ती आपली म्हणून पडते. मूळ फायलीतलं 'कदाचित', 'तपास चालू आहे', 'साक्षीदार म्हणून बोलवायचंय' हे सगळं गळून पडतं आणि नाव तेवढं उरतं.

२६ सप्टेंबर २००२ रोजी अरार ट्युनिसहून झुरिचमार्गे कॅनडाला परतत होता. विमान न्यूयॉर्कला बदलायचं होतं. तिथे त्याला धरलं, आणि चौकशीत त्याच्यापुढे तोच घरभाड्याचा कागद ठेवला. बारा दिवसांनी त्याला कॅनडाला पाठवायचं सोडून जॉर्डनमार्गे सीरियात नेलं. तिथे थडग्याएवढ्या कोठडीत दहा महिन्यांवर काढले, छळ सोसला. ऑक्टोबर २००३ मध्ये सुटला. कॅनडाने न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांचा चौकशी आयोग नेमला. सप्टेंबर २००६ च्या अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं की अरारविरुद्ध काहीही पुरावा नाही, आणि कॅनडाने दिलेल्या चुकीच्या माहितीवर अमेरिका विसंबली असण्याची शक्यता फार मोठी आहे. जानेवारी २००७ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी माफी मागितली, १.०५ कोटी कॅनेडियन डॉलर नुकसानभरपाई आणि वर वकिलांचा खर्च दिला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. माफी मागितली त्याच महिन्यात अमेरिकेने कळवलं की अरारचं नाव आमच्या यादीत राहील. ज्या देशाने माहिती दिली त्यानेच ती चुकीची असल्याचं सांगितलं, पैसे मोजले, पंतप्रधानाने माफी मागितली, आणि तरी ज्याने ती घेतली त्याने आपली नोंद बदलली नाही. कॅनडाच्या मंत्र्याने अमेरिकेची फाईल पाहून सांगितलं होतं की त्यात नवीन काही नाही. उपयोग शून्य.

मी या टेबलावर बसायला लागलो तेव्हा मला वाटायचं की धोका गळतीचा आहे, कोणी हॅकर वगैरे. नऊ वर्षांनी मत बदललं. माहिती पाठवायची तार फार उत्तम घातलेली आहे, चोवीस तास चालते, बंद पडली तर पाच मिनिटांत फोन येतो. दुरुस्ती पाठवायची तारच कोणी घातलेली नाही. नाव काढून टाका असं सांगायचं कोणाला, कोणत्या नमुन्यात, ते पोहोचलं हे कळणार कसं, याचं उत्तर माझ्या टेबलावर कधीच नव्हतं.

लहान प्रमाणात ते रोज दिसायचं. हल्ली बऱ्याच देशांत चेक-इनच्या क्षणीच माहिती जाते आणि उत्तर येतं: बसू द्या, बसू देऊ नका, किंवा अधिकाऱ्यांशी बोला. काउंटरवरच्या मुलीला कारण दिसत नाही. एकदा रत्नागिरीकडचं एक वयस्क जोडपं मुलाकडे निघालं होतं. काकांचं नाव अगदी सर्रास आढळणारं, त्यामुळे जगाच्या कुठल्या तरी यादीतल्या कोणाशी तरी जुळणारच. बोर्डिंग पास निघेना. काकू माझ्या सहकारणीला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "अगं बाळा, पण आम्ही केलं काय?" तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. विमान गेलं. दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ असल्याचं कळलं, गेले. चार महिन्यांनी परत यायला निघाले तर तिकडच्या विमानतळावर तोच प्रकार. कारण जुळवणी दर वेळी नव्याने होते, आणि आदल्या खेपेला निर्दोष ठरलात हे त्या यंत्राच्या गावीही नसतं.

हे अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. युरोपने २०१६ मध्ये स्वतःचा पीएनआर कायदा केला. त्याविरुद्ध बेल्जियममधली मानवाधिकार संघटना लढली आणि २१ जून २०२२ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा निकाल आला. त्यात नोंदलंय की २०१८ आणि २०१९ मध्ये यंत्राने ज्यांच्याकडे बोट दाखवलं त्यांतल्या दर सहापैकी किमान पाच जण माणसाने तपासल्यावर चुकीचे निघाले. न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, पण बराच आवळला. काहीच संशय नसलेल्या प्रवाशाची माहिती सहा महिन्यांपलीकडे ठेवायची नाही, युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या प्रत्येकाची सरसकट घ्यायची नाही, आणि स्वतःच स्वतःचे निकष बदलत जाणारी स्वयंशिक्षित यंत्रणा लावायची नाही. शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कारण यंत्राने का निवडलं हे जर अधिकाऱ्यालाच सांगता आलं नाही, तर काकूंना कोण सांगणार? याच न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये युरोप आणि कॅनडा यांच्यातला पीएनआर करार आहे त्या स्वरूपात होऊ शकत नाही असं म्हटलं होतं. तिथेही कारण हेच: जेवणाच्या सवयी, तब्येत, आर्थिक स्थिती, कोण कोणासोबत फिरतं हे सगळं त्यातून उघडं पडतं, आणि देश सोडून गेलेल्या निरुपद्रवी प्रवाशाची नोंद वर्षानुवर्षं ठेवायला आधार नाही.

पण ही न्यायालयं युरोपची. आपल्याला काय? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २१ डिसेंबर २०१७ च्या ठराव २३९६ ने सगळ्याच सदस्य देशांना पीएनआर गोळा करण्याची तयारी करायला सांगितलं. इसिसमध्ये लढायला गेलेले लोक घरी परतू लागले होते, ते निमित्त. भारताने ८ ऑगस्ट २०२२ रोजी आपले नियम काढले. ते गृहखात्याचे नाहीत, सीमाशुल्क कायद्याखालचे आहेत, त्यामुळे अनेकांच्या नजरेतून सुटले. भारतात येणाऱ्या आणि भारतातून जाणाऱ्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय प्रवाशाची १९ रकान्यांतली माहिती कंपनीने उड्डाणाच्या चोवीस तास आधी द्यायची. पाच वर्षं ठेवायची, मग नाव-गाव काढून टाकायचं. वंश, धर्म, राजकीय मत, आरोग्य यांवरून छाननी करायला मनाई आहे, हे चांगलं. ही माहिती देशातल्या इतर यंत्रणांना आणि परदेशी सरकारांनाही प्रसंगानुसार देता येते, तीही तरतूद आहे. मात्र प्रवाशाने स्वतःची नोंद पाहायची किंवा दुरुस्त करायची वाट त्या नियमांत आखलेली नाही. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा एरवी तुम्हाला पाहण्याचा-सुधारण्याचा हक्क देतो, पण गुन्हे रोखण्यासाठीच्या वापराला त्यातून सूट आहे आणि सरकार ज्या यंत्रणांची नावं जाहीर करेल त्यांना तर कायदाच लागू नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो हक्क इथे फार दुबळा होऊन पोहोचतो. याशिवाय जून २०१६ मध्ये भारत आणि अमेरिका यांनी दहशतवादाच्या संशयितांच्या याद्या एकमेकांना देण्याची व्यवस्था केली, तीही वेगळी चालते.

आणि आता तुमच्या भाच्याचं. तो कॅनडाला फक्त पीएनआर देत नाहीये, बोटांचे ठसे आणि फोटोही देतोय. कॅनडा आणि अमेरिका यांच्यात डिसेंबर २०१२ मध्ये व्हिसाविषयक माहिती देण्याघेण्याचा करार झाला. भाच्याने पूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा मागितला असेल, तो नाकारला गेला असेल, तर ते कॅनडाच्या अधिकाऱ्याला दिसू शकतं. हा करार केला तेव्हा दोन्ही देशांनी आपापल्या नागरिकांना त्यातून वगळलं होतं. तो होता 'तिसऱ्या देशाच्या' लोकांसाठी. अशा बहुतेक करारांत आपली माणसं कुंपणाच्या आत असतात आणि आपण भारतीय कायम तिसरे. आपली बाजू मांडायला त्या टेबलावर कोणी बसलेलं नसतं.

तर करायचं काय.

नावापासून सुरू करा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टात पहिली दोन एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर वेगळं स्पेलिंग, तिकिटावर वडिलांचं नाव गाळलेलं, असं झालं की एका माणसाच्या तीन नोंदी तयार होतात. यंत्र एकतर त्या जोडत नाही, किंवा भलत्याशी जोडतं. तिकीट, व्हिसा, विद्यापीठ, सगळीकडे पासपोर्टातलं अक्षर न् अक्षर. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर निघण्याआधी भरून घ्या. दोन महिने जातील, पण नंतरची कटकट वाचेल. अमेरिकेच्या कागदांवर असं नाव 'एफएनयू' म्हणून येतं, पहिलं नाव अज्ञात, आणि ते शेपूट मग बँकेपासून लायसन्सपर्यंत सुटत नाही.

तिकीट एजंटकडून काढलंत तरी नंबर आणि ईमेल भाच्याचा घालायला लावा. एजंट कुरकुर करेल. करू द्या. पैसे घरच्याच माणसाच्या कार्डाने भरा. ओळखीच्या ओळखीने दुसऱ्याच्या कार्डावर स्वस्तात मिळतंय म्हणून काढू नका, कारण त्या कार्डवाल्याचे सगळे संबंध तुमच्या नोंदीला चिकटतात.

अर्जात जुना नकार लपवू नका. हे मी नीतीचं म्हणून सांगत नाही. समोरच्याला ते दिसतं, आणि नकारापेक्षा लपवल्याचा ठपका जास्त वर्षं टिकतो.

अमेरिकेतून विमान बदलायचं असेल आणि तिथे नावावरून अडवलं गेलं, तर त्यांच्या गृहसुरक्षा खात्याची तक्रारीची सोय आहे, 'ट्रिप' नावाची. कोणत्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो, फी नाही. निकालात 'तुम्ही यादीत होता की नव्हता' हे सांगत नाहीत, पण एक क्रमांक देतात. तो पुढच्या प्रत्येक बुकिंगमध्ये घालायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाशी होणारी गफलत बरीच टळते. रत्नागिरीच्या त्या काकांच्या वाटेवरच्या देशात अशी सोय नव्हती. कॅनडात पोहोचल्यावर भाचा तिथल्या खासगीपणाच्या कायद्याखाली सीमा यंत्रणेकडून आणि इमिग्रेशन खात्याकडून स्वतःची नोंद मागवू शकतो. पहिल्या वर्षातच एकदा मागवायला सांगा, काही घडण्याची वाट न बघता. चूक ताजी असते तेव्हा कागदपत्रं हाताशी असतात. भारतात माहिती अधिकाराखाली अर्ज टाकता येतो, पण गुप्तचर यंत्रणा त्या कायद्याच्या कलम २४ मुळे बाहेर आहेत आणि बाकीचे सुरक्षेचं कारण देतात. टाकायला हरकत नाही, उत्तराची फार आशा धरू नका.

कुठेही बाजूला बसवलंच, तर दोन गोष्टी. अधिकाऱ्याशी हुज्जत नको, आणि तारीख, वेळ, काउंटर, फ्लाइट नंबर, काय विचारलं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. मोबाइलमध्ये नको, कारण तो मागतात. साध्या वहीत. तक्रार अर्जात हेच रकाने असतात आणि सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाहीत. व्हिसा अर्जाची पूर्ण प्रत, त्या ओळीच्या पानासकट, छापून घरच्या फायलीत लावा. पुढे कधी कोणी विचारलं की तुम्ही तेव्हा काय सांगितलं होतंत, तर त्यांच्याकडची नोंद आणि तुमच्याकडचा कागद शेजारी शेजारी ठेवता येतील.